कैलासपती ओळखीचा करून घेताना: फुलापासून फळापर्यंत

कैलासपतीच्या झाडाखाली जायचं तर आधी मान वर करून बघा. त्याचं फळ फुटबॉलएवढं होऊ शकतं, व्यास 25 सेंटिमीटरपर्यंत. कवच लाकडासारखं टणक. पिकलं की कुणाला न विचारता सुटतं. इंग्रजीत याला तोफगोळ्याचं झाड म्हणतात ते उगाच नाही. एकदा माझ्यापासून चार पावलांवर फळ आदळलं. त्या आवाजाने शेजारच्या झाडावरचे कावळे उठले आणि त्यांच्याआधी मी. तेव्हापासून मी लोंबत्या फळांच्या रेषेतून बाजूला सरकतो आणि ज्या अंगाला नुसती फुलं आहेत तिकडे बसतो.

हे लिहितोय ते या झाडाची फुलं पाहिलेल्या, कदाचित वेचलेल्याही, पण पुढचं काही ठाऊक नसलेल्या मंडळींसाठी. सामान फारसं लागत नाही: एक भिंग, रंगकामाचा सगळ्यात बारीक ब्रश, पांढरा सुती दोरा, मलमलीच्या चार-पाच पिशव्या आणि वही. आणि सवडीच्या सकाळी. दुपारी जाऊन या झाडाचं फारसं काही कळत नाही.

आधी त्याचं मूळ गाव

कैलासपती, नागलिंग ही नावं ऐकून हे झाड इथलंच, पुराणकाळापासूनचं, असं वाटणं साहजिक आहे. फुलात मधोमध पिंडी दिसते, वर नागाचा फणा दिसतो, आणि नाव चिकटतं. पण नावं झाडाला माणसांनी दिलेली असतात. झाडाचं घर शोधायचं तर त्याची भावंडं कुठे राहतात ते बघावं. ही युक्ती कुठल्याही शोभेच्या झाडाला लागू पडते. कैलासपतीच्या प्रजातीतल्या इतर जाती रानात सापडतात त्या सगळ्या दक्षिण आणि मध्य अमेरिकेत. ॲमेझॉनचं खोरं, गियाना, तिथली नदीकाठची सखल, पुराचं पाणी चढणारी जंगलं, हे त्याचं माहेर. रानात ते 35 मीटरपर्यंत उंच जातं.

शास्त्रीय नाव कुरुपिटा गियानेन्सिस. हे नाव फ्युझे ओब्ले या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं. तो 1762 साली फ्रेंच गियानात गेला होता आणि तिथल्या वनस्पतींवरचा त्याचा मोठा ग्रंथ 1775 साली निघाला. नावाच्या दुसऱ्या अर्ध्यात गियानाचा पत्ताच लिहिलेला आहे, पण शास्त्रीय नावं वाचायची सवय नसली की तो दिसत नाही.

कुळ मात्र आपल्याला अगदी परकं नाही. कुंभा आणि समुद्रफळ ही दोन्ही झाडं त्याच कुळातली, म्हणजे याचे चुलतेच. आपण ज्याला ब्राझील नट म्हणतो त्याचं झाड तर आणखी जवळचं. ते लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

खोडापासून सुरुवात

पहिल्या दिवशी फुलाला हात लावू नका. झाडापासून वीस-पंचवीस फूट लांब उभे राहा आणि बघा काय कुठे आहे. पानं वर, फांद्यांच्या टोकांना झुबक्यांनी. फुलं खाली, थेट खोडातून निघालेल्या लांब दांड्यांवर. हे दांडे वाढत वाढत तीन मीटरपर्यंतही जातात. गाठीगाठींचे, वाकडेतिकडे असतात, एकमेकांत गुंततात, आणि लांबून खोडाला कुणी दोरखंड गुंडाळून ठेवलेत असं वाटतं. फणस किंवा उंबर पाहिलेल्याला खोडावर फळ धरण्याचं नवल वाटू नये. एवढालं वजन पेलायला बारक्या फांदीपेक्षा खोड बरं, हा हिशेब तिघांचाही सारखाच दिसतो.

एका दांड्यावर शेंड्याकडे कळ्या, त्याखाली उमललेलं एखाद-दुसरं फूल आणि बुडाशी गळून गेलेल्या फुलांचे वण असा क्रम असतो. म्हणजे दांडा वाचायचा तो बुडाकडून शेंड्याकडे: मागचे दिवस खाली, पुढचे वर. वहीत एकाच दांड्याचं चित्र काढून ठेवा. आठवड्याने तोच दांडा पुन्हा बघितलात की झाडाचा वेग कळतो. भरात आलेलं मोठं झाड एका दिवसात हजारापर्यंत फुलं उमलवू शकतं.

झाडाने एकाएकी सगळी पानं टाकली तर घाबरून पाणी ओतत बसू नका. ही त्याची रीतच आहे. वर्षातून एकापेक्षा जास्त वेळाही तो पानं टाकतो आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा पालवतो. खोडावरची फुलं त्या काळातही चालू असतात. निष्पर्ण डोकं आणि फुलांनी लडबडलेलं अंग, असं मजेदार ध्यान तेव्हा दिसतं.

एक फूल हातात घ्या, पण कुठलं?

नवखे इथे हमखास चुकतात. खाली पडलेलं ताजं फूल उचलतात, उलटंसुलटं करतात आणि म्हणतात, याचं फळ कुठून होणार? बरोबरच आहे, त्यातून काही होणार नसतं. या कुळात पाकळ्या आणि पुंकेसरांचं (पराग धरणाऱ्या तंतूंचं) सगळं बांधकाम बुडाशी जोडलेलं असतं आणि ते एकत्र गळतं. अंडाशय, म्हणजे ज्याचं फळ व्हायचं तो भाग, बहुतेक वेळा वर देठावरच राहतो. पडलेल्या फुलाच्या मधोमध एक भोक दिसेल. कुक्षी, म्हणजे पराग जिथे टेकतात तो भाग, होती ती तिथे. तेव्हा तुमच्या हातात असतं ते फूल नव्हे, फुलाचा अंगरखा.

अभ्यासासाठी दांड्यावरचं एक उमललेलं फूल देठासकट काढा. एकच पुरे. सकाळी लवकर काढलंत तर वासही मिळेल. रात्री आणि पहाटे तो सगळ्यात दाट असतो, मग दिवस चढेल तसा उतरत जातो.

आता फूल डाव्या हातात धरा. सहा जाड, मांसल पाकळ्या: बाहेरून पिवळसर छटेच्या, आतून लाल-गुलाबी. या पाकळ्यांच्या मधोमध एक पसरट कडं आहे आणि त्यावर आखूड, फिकट पुंकेसरांची दाट गर्दी. या गर्दीच्या मध्यावर कुक्षीचा छोटा उंचवटा. यालाच लोक पिंडी म्हणतात. कड्याच्या एका बाजूने मांसल जीभ निघते, वर वळते आणि कड्यावर छपरासारखी झुकते. हा फणा. त्याच्या आतल्या अंगाला पुन्हा पुंकेसर आहेत, पण हे लांब, गुलाबी-जांभळट, टोकाला पिवळे. भिंग लावून कड्यावरचा एक पुंकेसर आणि फण्यातला एक पुंकेसर शेजारी शेजारी ठेवून बघा. ते एकाच फुलातले आहेत यावर विश्वास बसत नाही.

दोघांतही पराग आहेत. फरक असा की कड्यावरचे पराग बी धरवू शकतात, फण्यातले धरवू शकत नाहीत. फण्यातले पराग वांझ आहेत. मग झाड ते बनवतं कशाला? उत्तरासाठी आणखी एक गोष्ट तपासा. फुलात मध शोधा. बारीक काडी घालून बघा, चाखून बघा. मध नाही. मधमाशी, भुंगा यांच्यासारख्या पाहुण्या माशीला द्यायला या झाडाकडे पराग सोडून दुसरं काही नाही. पण सगळे पराग माशीने नेऊन खाल्ले तर बी कशाचं धरणार? म्हणून झाडाने शेतकऱ्याचा जुना शहाणपणा केलाय: खायचं धान्य वेगळं, बियाण्याचं वेगळं. खायचं फण्यात ठेवलंय, ठळक रंगात, लांब पुंकेसरांवर, नजरेत भरेल असं. बियाणं खाली कड्यावर, फिकं, आखूड, सहज लक्षात न येणारं.

हे दोन प्रकारच्या परागांचं प्रकरण स्कॉट मोरी आणि घिलियन प्रान्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी या कुळावर वर्षानुवर्षं काम करून उलगडलं. माझ्या मते या झाडाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही. बाकीचं सगळं यातून समजत जातं.

माश्यांची हजेरी

दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी नुसतं बसा. डोळ्यांच्या पातळीवरचं एक फूल निवडा आणि अर्धा तास त्यावरून नजर हलवू नका. पाच-सात फुलांवर एकदम लक्ष ठेवायला गेलात तर काहीच दिसत नाही, हे मी खर्च केलेल्या कित्येक सकाळींवरून सांगतो.

काळा, गुबगुबीत, मोठ्याने गुणगुणणारा भुंगा आला तर सावध व्हा. लाकूड पोखरून घर करणारा तो हाच, आणि या फुलाच्या कामाचा मोठा गडी. तो कडं आणि फणा यांच्या फटीत अंग घालतो आणि फण्यातले पराग ओरबाडू लागतो. त्याचं अंग एवढं मोठं की या झटापटीत कड्यावरचे पराग त्याला माखतातच. तुम्ही बघायचं ते इतकंच: त्याच्या शरीराचा कुठला भाग कड्याला घासतोय, पाठ की पोट? बाहेर पडल्यावर तो पाय फिरवून अंग साफ करतो. जिथे पाय पोचत नाहीत तिथले पराग पुढच्या फुलाच्या कुक्षीपर्यंत जातात.

आता बारीक माश्या बघा. त्या फण्याच्या टोकावर उतरतात, पिवळा पराग गोळा करतात आणि कड्याला स्पर्शही न करता उडून जातात. जेवून गेल्या, काम काही केलं नाही. मधमाशी कधी कड्याला घासते, कधी नाही. म्हणून ‘फुलावर खूप माश्या आहेत, म्हणजे परागण चांगलं होतंय’ हा निष्कर्ष घाईचा. वहीत दोन रकाने करा: कड्याला शिवलेले आणि न शिवलेले. पाहुणा कोण आहे त्याचं नाव नाही आलं तरी चालेल.

इथे ब्राझील नट आठवा. त्याच्या फुलात हा फणा कड्यावर घट्ट दाबून बसलेला असतो. उचलण्याची ताकद असलेली दांडगी माशीच आत जाते, बारक्यांना दार बंद. कैलासपतीने दार उघडं ठेवलंय, त्यामुळे त्याच्याकडे फुकटे जास्त.

स्वतः परागण करून बघायचं असेल तर

आधी माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने वीसेक कळ्यांना पिशव्या बांधल्या. उमलल्यावर ब्रशने पराग उचलले आणि कुक्षीवर लावले. एकही फळ धरलं नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच. ब्रश बदलला, वेळ बदलली, झाडाला दोष दिला. शेवटी एका जाणत्या माळ्याने विचारलं, पराग घेतले कुठून? मी फण्याकडे बोट दाखवलं. साहजिकच होतं, तिथलेच तर पिवळेधमक, भरपूर, ब्रशला पटकन लागणारे. झाडाने माशीला जसं बनवलं तसंच मलाही.

तर पद्धत अशी.

उद्या उमलेल अशी कळी आदल्या संध्याकाळी हेरा. ती फुगलेली असते आणि पाकळ्यांच्या कडा किंचित सुटू लागलेल्या असतात. तिच्यावर मलमलीची पिशवी चढवा, तोंड देठाशी सैलसर बांधा. देठ आवळला गेला तर फूल तसंही गळेल आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल.

सकाळी लवकर पराग गोळा करा, ते कड्यावरचेच. जवळपास दुसरं कैलासपतीचं झाड असेल तर त्याचे घ्या. एकाच झाडाची फुलं एकमेकांना लावण्यापेक्षा दोन झाडांचा संबंध जुळवणं केव्हाही बरं. फूल तिरकं धरून काळ्या कागदावर कड्याला हलकी टिचकी मारली तरी थोडे पराग मिळतात. मग पिशवी सोडा, पराग ब्रशच्या टोकाने कुक्षीवर टेकवा. घासू नका, नुसते टेकवा. पिशवी पुन्हा चढवा आणि देठाला दोरा बांधून त्यावर तारीख लिहा. शाई पावसात जाते, पेन्सिल टिकते.

शेजारच्या तीन-चार कळ्यांना नुसत्या पिशव्या बांधून ठेवा, पराग लावू नका. तीन-चार फुलं अगदी मोकळी सोडा, फक्त दोरा बांधा. या तीन गटांची तुलना केल्याशिवाय तुमच्या हाताला यश आलं की भुंग्याच्या, हे सांगता येत नाही. दिवसाअखेर किंवा दुसऱ्या दिवशी पाकळ्या-पुंकेसरांचा अंगरखा गळेल. पिशवीत तो सापडला की पिशवी काढून टाका, तिचं काम संपलं.

देठावर उरलेल्या हिरव्या बोंडाकडे आता लक्ष. बी धरलं नसेल तर काही दिवसांत बोंडही गळतं. धरलं असेल तर देठ जाडावू लागतो. आकारापेक्षा देठाकडे बघा, तो आधी सांगतो. आणि फार आशा ठेवू नका. हजारो फुलांमागे झाडावर शेवटी फळं उरतात ती शे-दीडशेच्या घरात, तीही जोमदार झाडावर. एवढाली फळं वाढवायची तर प्रत्येक फुलाचं फळ करून चालत नाही.

फळाची लांबलचक वाट

इथे नवख्यांचा धीर सुटतो. फळ पक्व व्हायला साधारण वर्ष जातं, काही ठिकाणी 18 महिनेही. म्हणजे आज बांधलेल्या दोऱ्याचं उत्तर पुढच्या वर्षी. मधल्या काळात करण्यासारखं काही नसतं. दोरा कुजला तर बदला, एवढंच.

वाढत्या फळावर टोकाच्या बाजूला एक गोल रेघ दिसेल. पाकळ्या आणि निदलं (कळीला बाहेरून झाकणारी दलं) जिथे चिकटलेली होती त्याची ती खूण. अंडाशय पाकळ्यांच्या खाली असल्यामुळे तो फुगला तरी हा वण अंगावर राहून जातो. कुळातल्या कित्येक झाडांची फळं अशाच रेघेवर झाकणासारखी उघडतात. कैलासपतीचं फळ मात्र आपणहून उघडत नाही. ते पडतं, आणि पडण्याच्या दणक्याने फुटलं तर फुटतं.

मूळ देशात पुढचं काम रानडुकरासारखे दिसणारे पेकारी नावाचे प्राणी करतात. फुटलेल्या फळातला गर ते बियांसकट खातात. बियांवर बारीक केसांचं आवरण असतं. त्यामुळे त्या पोटातून सुखरूप पार होतात असं मानलं जातं. बागेतल्या झाडाखाली पेकारी नसतो. त्याची पाळी तुमच्यावर.

फळ फोडायचं, बी काढायचं

झाडावर चढून फळ तोडू नका. हिरवट, ताजं तोडलेलं फळ बहुधा कच्चंच निघतं. आपणहून पडलेलं घ्या. आणि ते बंद गाडीतून नेऊ नका. मी एक न्यायचं म्हणून पिशवीत घालून मागे ठेवलं. त्याला आधीच चीर गेलेली होती, ती मला दिसली नव्हती. पुढचे पंधरा दिवस गाडीत कुणी बसेना.

फुलाचा सुगंध आणि फळाचा वास एकाच झाडाचे आहेत हे पटत नाही. जुने कपडे घाला, हातमोजे घाला, उघड्यावर बसा. फळ पोत्यात गुंडाळून हातोडीचा एक ठोका द्या. पोतं नसेल तर कवचाचे तुकडे उडतात. आत पांढुरका, बुळबुळीत गर असतो. तो बघत राहा: हवा लागली की काही वेळातच निळसर-हिरवट होतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला फळ सडलेलं वाटतं. सडलेलं नसतं. कापलेलं वांगं काळं पडतं त्याच जातीची ही गोष्ट.

गरात चपट्या बिया सगळीकडे विखुरलेल्या असतात. एका फळात साठ-पासष्टपासून साडेपाचशेपर्यंत निघू शकतात. मोजा. तुम्ही हाताने परागण केलेल्या फळातल्या बिया आणि भुंग्याने केलेल्या फळातल्या बिया मोजून शेजारी शेजारी लिहिणं हा या सगळ्या उद्योगातला माझा आवडता भाग आहे. माझे आकडे भुंग्याच्या जवळपासही जात नाहीत.

गर चाळणीत घालून वाहत्या पाण्याखाली चोळा. बियांवरचे केस पूर्ण जायची गरज नाही, चिकटा गेला की झालं. बिया साठवत बसू नका, त्याच आठवड्यात पेरा. निचरा होणाऱ्या हलक्या मातीत, बीच्या जाडीइतकीच माती वर येईल अशा बेताने, अर्धवट सावलीत. ओल कायम हवी. पूर येणाऱ्या काठावरचं झाड आहे, कोरडं पडलेलं त्याला खपत नाही, पण कुंडीत पाणी साचून राहिलं तर कोवळी मुळं कुजतात.

रोप हाताला आलं की जागेचा प्रश्न. तेव्हा ते वीतभर असतं आणि पायवाटेच्या कडेला किती छान दिसेल असं वाटतं. तिथे लावू नका. बसायचा बाक, गाडी उभी करायची जागा, मुलांचं खेळणं, पत्र्याचं छप्पर, यांच्यापासून चांगलं लांब लावा आणि चारही बाजूंना मोकळी जमीन ठेवा. बुंध्याभोवती झुडपांचं रुंद कुंपण केलंत तर फुलं बाहेरून दिसतात आणि फळांखाली कुणी जात नाही.